खाडीकाठची विहीर होळीपासूनच मचूळ, खोल करावी का?

शास्त्रीकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते ना, त्या खाडीच्या बरंच आत, फुणगूसच्या पुढे (गावाचं नाव मुद्दाम देत नाही, वाडीत आधीच यावरून भांडणं चालू आहेत). घर उतारावर, खाली विहीर, विहिरीच्या पुढे भाताची खाचरं, मग जुना मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. विहिरीपासून खाडी फार तर दोन-अडीचशे मीटर.

आमच्या लहानपणी हे पाणी मे महिन्याच्या शेवटी शेवटी जरा मचूळ लागायचं, पाऊस पडला की परत गोड. आता गेली काही वर्षं होळीलाच चव बदलते. आई म्हणते डाळ शिजत नाही, चहा नासतो, आणि मे मध्ये तर आंघोळीलासुद्धा नको वाटतं. आईबाबा दोघंच असतात तिथे, मी डोंबिवलीत, त्यामुळे फोनवरूनच सगळं चाललेलं असतं.

गावात जितकी तोंडं तितकी कारणं. एक गट म्हणतो बांधाला खांड (भगदाड) पडली आणि आत चिपी-तिवर ही खारफुटी वाढली, त्या झाडांनी खार आणला, सगळी तोडून टाका. दुसरा म्हणतो वरच्या बागायतदारांनी बोअर मारल्या म्हणून. तिसरा म्हणतो खाडीतून वाळू उपसली, खाडी खोल झाली. आणि माझा चुलतभाऊ म्हणतो समुद्राची पातळीच वाढतेय, आता काही उपाय नाही, विकून टाका.

विहिरीचं काम करणारा ठेकेदार येऊन बघून गेलाय, त्याचं म्हणणं आणखी दहा-बारा फूट खाली गेलं की गोड झरा लागणार म्हणजे लागणार. बाबा जवळजवळ तयार झालेत. करावं का?

अजून एक, उपयोगी आहे की नाही माहीत नाही. घराच्या बाजूने एक पऱ्या (छोटा ओढा) खाली खाडीत जातो, तो आधी शिमग्याच्या आसपासपर्यंत तरी वाहायचा, हल्ली नाताळातच कोरडा पडतो.

निवांत_कोकणी

ताई सरळ बोअर मारा आणि आरओ बसवा, विषय संपला. आमच्याकडे सगळ्यांनी मारल्यात.

जांभादगड

वरचा सल्ला कृपया बाजूला ठेवा. भूजलाचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विहीर खोल करू नका. ठेकेदाराला उचल दिली असेल तर परत मागा.

कारण असं की समुद्राकाठी आणि खाडीकाठी जमिनीखालचं गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं, खारं पाणी जड म्हणून ते खाली. ठोकताळा असा आहे की समुद्रसपाटीच्या वर गोड पाण्याची पातळी १ मीटर असेल तर सपाटीच्या खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोड पाणी असतं. ऐकायला छान वाटतं, पण हे उलटही चालतं. वरची पातळी अर्धा मीटर उतरली की खालचं खारं पाणी २० मीटर वर यायला बघतं. कोकणातल्या कातळात पाणी फटीफटीतून चालतं त्यामुळे प्रत्यक्षात इतकं गणिती होत नाही, पण दिशा हीच. तुम्ही दहा-बारा फूट खाली गेलात की ती साय फोडून खालच्यात हात घातला. पाणी लागेल, भरपूर लागेल, ठेकेदार खोटं बोलत नाहीये, फक्त ते गोड असेल हे त्याला कुणी सांगितलं?

खाडीकाठी अजून एक भानगड असते. आपल्या खाड्या म्हणजे नदीच्या बुडालेल्या दऱ्या आहेत. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कापल्या, मग समुद्र वर आला आणि त्या दऱ्या चिखलाने भरल्या. म्हणून खाडीलगत खोल गेलं की कधी कधी तो जुना काळा चिखल लागतो आणि त्यात मीठ आधीच मुरलेलं असतं. बोअर मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, २०० फूट गेल्यावर खारं लागलं म्हणून मग रडू नका.

समुद्राची पातळी वाढतेय हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण १९०० पासून आत्तापर्यंत जगाची सरासरी वाढ २० सेंटीमीटरच्या आसपास आहे. मे चा खारटपणा मार्चवर यायला पाच-सहा वर्षांतली समुद्राची वाढ पुरत नाही, काहीतरी जवळचं कारण असणार. जमीन विकायची घाई नको म्हणावं.

आता कामाचं. एक टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, पेनाएवढा असतो, स्वस्त मिळतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा काहीच स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास असतं, म्हणजे विहिरीत शंभर बादल्यांमागे पाच-सहा बादल्या समुद्र मिसळला तरी ती मर्यादा ओलांडली. आईंना सांगा आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहायला, आणि पंप लावायच्या आधी एकदा, तासभर चालवल्यावर एकदा. पंप चालल्यावर आकडा झपाट्याने चढत असेल तर खारं पाणी खालून ओढलं जातंय. पंप न लावताही उधाणाच्या भरतीनंतर चढत असेल तर ते बाजूने, खाचरातून येतंय. या दोन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत.

आणि तो पऱ्या तुम्ही शेवटी लिहिलात, पण माझ्या मते सगळं तिथेच आहे. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, काय चाललंय?

दाभोळखाडी

ताई, आमची खाडी वेगळी पण पाणी तेच, म्हणून लिहितो. लहानपणापासून होडीत आहे.

खाडीत मीठ किती वर येतं ते दोन गोष्टींवर, खालून भरती किती ढकलते आणि वरून नदी किती ढकलते. पावसाळ्यात नदीचा जोर असतो तेव्हा खाडीच्या तोंडापर्यंत वरचं पाणी गढूळ आणि गोड असतं, तळाला मात्र खारं पाणी तरीही आत घुसलेलंच असतं, जाळ्याला खाली लागणारे मासे वेगळे आणि वर लागणारे वेगळे त्यावरून कळतं. दिवाळीनंतर नदीचा जोर संपला की मग मीठ वर वर सरकत जातं आणि मे मध्ये सगळ्यात आत असतं. म्हणजे भरती दरवर्षी तीच आहे हो, ढकलणारी नदी कमी पडायला लागली.

बघायचं असेल तर मीटर कशाला, कालवं (दगडाला चिकटणारी शिंपली) बघा. कालवं गोड्या पाण्यात टिकत नाहीत. तुमच्याकडे म्हाताऱ्यांना विचारा पूर्वी कालवं कुठपर्यंत मिळायची आणि आता कुठपर्यंत मिळतात. आमच्याकडे वरच्या गावांना पूर्वी कालवं विकत घ्यावी लागायची.

वाळूचं म्हणाल तर हातपाटीवाले आणि सक्शन पंपवाले यांना एका मापात मोजू नका. हातपाटीवाला बुडी मारून पाटीभर काढतो, त्याने खाडीचं काही बिघडत नाही. सक्शनवाला रात्रीत डोह पाडतो, आणि खाडीचा तळ खोल झाला की खालचं खारं पाणी आणखी वर सरकतं, हे शंभर टक्के. तुमच्या खाडीत असं चालतं का ते तुम्हालाच माहीत, पण असेल तर त्याचं नाव कोण घेणार हा प्रश्न आहेच.

आणि पाणी मोजताना तिथी बघून मोजा. तिथीला पाऊणपट करायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हे मुंबईकडे बरोबर बसतं, आपल्याकडे जरा आधी होते आणि तुमच्यासारखं खाडीत आत असेल तर परत उशिरा, तुमच्या धक्क्यावर दोन-चार दिवस बघितलंत की किती फरक ते समजेल. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती. उधाणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा आणि भांगाला एकदा असं मोजलंत तरच फरक कळेल, नाहीतर रविवारी मोजून काय उपयोग, खाडीला रविवार नसतो.

पेणचा_शेतकरी

खारफुटी तोडा म्हणणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय. आमचं अख्खं आयुष्य खारबांधावर गेलं.

झाडांनी खार आणला नाही, खार आला म्हणून झाडं आली. बांधाला खांड पडली, भरतीचं पाणी खाचरात शिरायला लागलं, त्याबरोबर बिया आल्या आणि चिखलात रुजल्या. झाडं तोडलीत तरी खांड तिथेच राहणार आणि पाणी येतच राहणार, वर बांधाला जो काही आधार झालाय तोही जाणार, लाट थेट मातीवर. आणि कायद्याने पण अडकाल. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभरातल्या खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आहे, सार्वजनिक हिताचं काम असलं तरी कोर्टात जाऊन परवानगी घ्यावी लागते. खाजगी जमिनीतली झाडंसुद्धा त्यात आली. गावातल्या कुणी रात्रीत कोयता चालवला तर गुन्हा सगळ्या वाडीच्या नावावर लागेल.

खरं काम आहे खांड बुजवायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उघाडी. तुमच्या बांधाला उघाडी आहे का? म्हणजे ती लाकडी झडप, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप बंद होते. पुष्कळ ठिकाणी बांध धड असतो पण झडप कुजलेली असते, किंवा कुणीतरी मासे पकडायला ती उघडी ठेवतो (आमच्याकडे हे सर्रास, जिताड्याचं पिल्लू आत यावं म्हणून). मग वर्षभर भरती आत.

पूर्वी हे सगळं गावकी करून व्हायचं. खांड पडली की रात्री कंदील घेऊन ओहोटी साधून माणसं उतरायची, पेंढा, माती, चिखलाचे गोळे, दोन भरत्यांच्या मधे काम संपवायचं. मग १९४८ चा खारजमीन कायदा आला, १९७९ चा आला, बांध सरकारकडे गेले आणि माणसं म्हणायला लागली सरकार बघेल. सरकार बघतंच आहे.

खांड बुजली तरी पहिली दोन-तीन वर्षं जमिनीतून मीठ धुवून जायला लागतात. तेवढं पावसाचं पाणी खाचरात तुंबवून ओहोटीला सोडत राहायचं. भात लावायचं असेल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या जाती आहेत, पनवेल-१, २, ३, त्या खाराला तग धरतात. खाचर पडीक ठेवू नका, पडीक खाचराचा बांध कोणी बघत नाही.

शास्त्रीकाठची

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. बाबांना फोन करून वाचून दाखवलं. ठेकेदाराला तूर्तास थांबवलंय, तो नाराज.

उत्तरं देते. उघाडी आहे, पण बाबा म्हणाले तिची फळी कधीच गेली, आता तिथे नुसतं भोक आहे. खाचरं पडीकच आहेत, मुंबईला गेलेल्यांची. पंप आमच्याकडे अर्धा-पाऊण तास चालतो, पण शेजारच्या घरात होमस्टे झालाय आणि त्यांची विहीर आमच्या विहिरीला जवळजवळ चिकटून आहे, सीझनला त्यांचा पंप सकाळ-संध्याकाळ चालू असतो. हे मला आधी सुचलंच नाही लिहायला.

सड्यावर: चिरेखाण (जांभा दगडाचे चिरे काढायची) आहे एक, सध्या बंद. आणि वरचं जंगल म्हणजे खरंतर गावाची राईबिई नाही, खाजगी रान होतं, ते जेसीबीने साफ करून काजू लावलेत, नवीन आहेत, अजून गुडघाभर. कालव्यांचं आजोबांच्या वयाच्या एका काकांना विचारलं, ते म्हणाले "आता आपल्या धक्क्याला चिकटतात, पूर्वी होती का?" दाभोळवाले काका, तुमचं खरं निघालं.

सड्यावरचा

आता माझा विषय आला. मी लांज्याच्या बाजूचा, आम्हाला खाडी नाही पण खाडीला जे पाणी जातं ते आमच्याकडून जातं.

लोकांना वाटतं कोकणात ३००० मिमीच्या वर पाऊस, मग एप्रिलमध्ये टँकर कशाला. आंबोलीला तर ७००० च्या आसपास पडतो. पण सह्याद्री ते समुद्र अंतरच मुळात ५०-६० किलोमीटर, कुठे त्याहून कमी, आणि उतार असा की घाटात पडलेलं पाणी दुसऱ्या दिवशी समुद्रात. पाऊस चार महिन्यांत संपतो. बाकीचे आठ महिने नदीत जे वाहतं ते पावसाचं नाही, ते सड्यातून आणि डोंगरातून झिरपलेलं. जांभ्याला भोकं असतात, पाणी त्यातून खाली जातं, जांभ्याच्या खाली पांढरट चिकणमातीचा थर असतो तिथे अडतं आणि सड्याच्या कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. तुमचा पऱ्या म्हणजे असे दोन-चार झरेच असणार.

आता जेसीबीने वरची माती, पालापाचोळा, करवंदीची जाळी सगळं खरवडलं की पाणी मुरायला वेळच मिळत नाही, धो धो खाली. माती पण खाली. राजापूर बघा, सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती, गलबतं पार आत शहरापर्यंत यायची, आज त्या नदीत गाळ काढायला मशिनं लावावी लागतात. दाभोळ खाडीत येणाऱ्या वाशिष्ठीचं पण तेच, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पाऊस होता, भरती होती, पण नदीत आणि शिवनदीत साठलेला गाळ पण होताच, म्हणून तर नंतर तो उपसायला घेतला. धरणाचं पाणी सोडलं की नाही यावरून चिपळुणात आजही भांडणं होतात, त्यात मी पडत नाही.

चिरेखाणीबद्दल सरसकट बोलणार नाही. खाण म्हणजे सड्याचा पाणी धरणारा थरच कापून ट्रकात भरून नेणे, त्यामुळे नुकसान आहेच. पण बंद खाणीत पाणी साठतं आणि तिथून हळूहळू मुरतं पण. तुमची बंद आहे तर तिचा तळ कुठपर्यंत गेलाय ते बघा. जांभ्यातच थांबली असेल तर पावसाचं पाणी वळवून तिच्यात सोडा, फुकटचं तळं आहे. चिकणमातीला लागली असेल तर पाणी दिसेल खूप पण मुरणार नाही, आणि ती माती फोडायला तर अजिबात जाऊ नका.

आणि एक हात जोडून विनंती, झरा आटला म्हणून झऱ्याचं तोंड खणून मोठं करू नका. लोक हमखास करतात. खालचा थर फुटला की झरा खाली उतरतो, मग कायमचा गेला. काम करायचं असेल तर झऱ्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर. काजूच्या ओळीत आडवे चर काढायला त्या बागायतदाराला सांगा, त्याच्या काजूला पण ओल टिकेल, म्हणजे भांडायला नको, त्याच्या फायद्याचंच सांगायचं.

तिरफळ

आमच्या हय कर्ली खाडयेच्या काठाक पण ह्योच प्रकार. आमी व्हाळाक बंधारो घालतव. दिवाळी झाली काय लगेच, व्हाळ चालतो असताना. सिमेंटची रिकामी पोती, तेच्यात माती, मधे पेंढो. दोन महिने उशीर केलास तर मगे अडवतलास काय, वारो?

एका बंधाऱ्यान काय होणा नाय. वरसून खालपर्यंत एकाखाली एक घालूक व्हये. खालच्या बावचा (विहिरीचा) पाणी आमच्याकडे त्येच्यानच सुधारला. पण दरवर्षी घालूक व्हयो, पावसात व्हावन जाता, आणि दरवर्षी माणसा जमणत नाय ही खरी गोष्ट. चाकरमान्यांनी गणपतीक येवन निस्त्या गजाली करण्यापरास दिवाळीक येवन दोन पोती भरूची.

निवांत_कोकणी

एवढं सगळं करण्यापेक्षा खाडीवरच बंधारा घालून टाकायचा ना, गेट लावायचं, खारं पाणी वर येणारच नाही. आणि वाशिष्ठीचं पाणी कसं मे मध्येही गोड असतं, मग शास्त्रीला काय झालंय?

जांभादगड

वाशिष्ठीची गोष्टच वेगळी आहे हो. कोयनेची वीज तयार झाल्यावर जे अवजल बाहेर पडतं ते पोफळी-कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत येतं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). ते मुळात कृष्णा खोऱ्यातलं पाणी, जायचं होतं बंगालच्या उपसागराला, वळवलंय अरबी समुद्राकडे. म्हणून ऐन मे मध्ये वाशिष्ठीला वाहतं पाणी असतं. कुंडलिकेचं पण तसंच, मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येतं, लोक भर उन्हाळ्यात राफ्टिंग करतात ते त्याच्यावर. शास्त्री, काजळी, मुचकुंदी यांना असा कोणी श्रीमंत मामा नाही, त्यांच्याकडे सड्याचं झिरपलेलं तेवढंच.

उलट बघितलं तर वाशिष्ठी हाच पुरावा आहे. वरून गोडं पाणी येत राहिलं की खारं मागे हटतं.

दाभोळखाडी

खाडीवर गेट म्हणजे काय ते बोलायला सोपं. गेट लावलं की भरती आत जात नाही, आणि भरती आत गेली नाही की ओहोटीचा जोर पण जातो, मग गेटच्या खालच्या अंगाला गाळ बसतो. चार वर्षांत होडी फिरणार नाही. आणि बोईर, तांबोशी, काळुंद्र्या, कुर्ल्या यांची पिल्लं वरच्या मचूळ पाण्यात वाढतात, ती बंद केलीत तर समुद्रात जाणाऱ्यालाही मासा मिळायचा नाही. जूनच्या पहिल्या पुराला चढणीचे मासे वर जातात त्यांना फळ्या काढलेल्या लागतात, आणि फळ्या काढायला माणूस वेळेवर आलाय असं मी तरी कुठल्या बंधाऱ्यावर बघितलेलं नाही.

भरती जिथे संपते त्याच्या वर, नदीच्या गोड्या भागात बंधारा घाला, त्याला कोणी नको म्हणत नाही. खाडीला हात लावू नका.

(वाशिष्ठी गोड आहे हे खरं, पण आमच्याकडे मगरी पण आहेत, त्या घेऊन जा शास्त्रीत कोणाला हव्या असतील तर.)

पेणचा_शेतकरी

गेटवाल्यांना आणखी एक. खाडीच्या आत सीआरझेडची (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) हद्द कुठपर्यंत, तर वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्यात मीठ हजारात ५ भाग जिथपर्यंत मिळतं तिथपर्यंत. मीठ वर सरकलं तर पुढच्या मोजणीत ती रेष पण वर सरकू शकते, आणि मग घराच्या वाढीव खोलीला परवानगी मागताना कळेल. म्हणजे वरचा पऱ्या आटला तर खालच्याचं घर अडकतं. हे ग्रामसभेत सांगा, पाण्याचं ऐकून न घेणारे पण घराचं ऐकतात.

शास्त्रीकाठची

हे शेवटचं वाचून बाबा हसले आणि म्हणाले हे मात्र सांगतोच.

असं ठरतंय: विहीर खोल करायची नाही. उघाडीची फळी आधी, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि आमच्या हातातलं, खांडीसाठी ग्रामपंचायतीकडून खारभूमीच्या ऑफिसला अर्ज. होमस्टेवाल्यांशी आई बोलणार आहे, त्यांचे पाहुणे पण चहा पितातच की. दिवाळीत मी आणि चुलतभाऊ (तोच, विकून टाका वाला) जातोय पोती भरायला.

एकच प्रश्न राहिला. उघाडीची फळी बसवल्यावर आतल्या खारफुटीचं काय? भरती बंद झाली की ती झाडं मरतील ना, मग तो पण गुन्हा का?

पेणचा_शेतकरी

बरोबर प्रश्न विचारलात, हा कोणी विचारत नाही. हो, भरतीचं पाणी कायम तोडलं की खारफुटी सुकते, आणि पाणी तोडून मारली तरी ती मारलीच धरतात. म्हणून फळी आणि खांड दोन्हीला हात लावायच्या आधी त्या खाचरांचा पंचनामा करून घ्या, किती क्षेत्रात झाडं आहेत, सातबारावर जमीन कसली लागलीय. झाडं दाट आणि मोठी असतील तर ते खाचर सोडून द्या आणि त्याच्या आतल्या बाजूने, विहिरीजवळ, नवीन छोटा बांध धरता येतो का ते विचारा. अर्जात "दुरुस्ती" लिहा, "नवीन बांध" लिहायचं झालं तर कांदळवन (खारफुटी) विभागाला पण त्याच वेळी प्रत द्या, नंतर नाही.

जांभादगड

आणि त्या आतल्या बांधाची जागा ठरवायच्या आधी विहीर आणि खाडी यांच्या मधे, खाचराच्या कडेला, हाताने चार-पाच फूट खोल दोन-तीन खड्डे घ्या आणि त्यात जमणारं पाणी मीटरने मोजा. खाडीकडून विहिरीकडे आकडा कसा उतरतो ते दिसेल. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तपासणीचं किट असतं, तो क्लोराइड पण काढून देईल. पक्का रिपोर्ट हवा असेल तर भूजल सर्वेक्षणच्या रत्नागिरीच्या लॅबला बाटली द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची, वर तारीख आणि दाभोळवाल्या काकांसाठी तिथी.